साठा कुणाच्या अंगणात?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. शिरोळ तालुक्यातली गावं बोटींनी रिकामी होत होती, कोल्हापूर शहरातल्या कित्येक पेठा पाण्यात होत्या आणि शिरोली फाट्याजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बुडाला होता. माणसं आणि जनावरं वाचवायचे दिवस होते ते. कारखान्यांचा विचार तेव्हा कुणाच्या मनात येत नव्हता, आणि ते योग्यच होतं. पण महामार्गावर अडकलेल्या ट्रकांच्या रांगांमध्ये दूध-भाजीपाल्याच्या गाड्यांना खेटून ओतीव लोखंडही उभं होतं. गोकुळ शिरगाव आणि कागलच्या औद्योगिक वसाहतींमधून पुण्याकडे निघालेले ब्रेक ड्रम, फ्लायव्हील, बेअरिंग कॅप, गिअरबॉक्सची आवरणं. रस्ता जवळपास आठवडाभर बंद राहिला. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, तो त्याच जागी पुन्हा बुडाला.

कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. ट्रक संध्याकाळी निघाला तर पहाटे पोचतो. एवढा जवळचा रस्ता आठवडाभर बंद पडला म्हणून गाड्या बनवणाऱ्या कारखान्यांच्या पोटात गोळा का यावा? आठवडाभर पुरेल एवढा माल कुणाकडेच नसतो का?

असतो. तो कुठे असतो, कुणाच्या पैशाने असतो आणि तो तिथे कसा पोचला, हे पाहायला मी कोल्हापूर ते पुण्याजवळचं चाकण या वाटेवर फिरत राहिलो. पुरवठा साखळी हा शब्द हल्ली वर्तमानपत्रात रोज दिसतो. चीन, अमेरिका, तांबडा समुद्र, मायक्रोचिप असं काही मोठं घडलं की तो डोकं वर काढतो. साखळी खरी कळते ती मात्र तिच्या शेवटच्या कडीपाशी उभं राहिलं की.

०००

कोल्हापूरजवळ दगडी कोळशाची खाण नाही, पोलादाचा कारखाना नाही, बंदर नाही. मग इथे लोखंड ओतण्याचा धंदा रुजला कसा? उत्तर उसात आहे. नदीचं पाणी शेतात चढवायचं होतं, ऊस गाळायचा होता. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये कापडगिरणीची पायाभरणी केली, राधानगरीच्या धरणाचा घाट घातला, आणि यंत्र हे आपल्या दारात येऊ शकतं ही भावना या मुलखात रुजवली. शेजारी, औंध संस्थानात, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली होती. शेतावर तेलाची इंजिनं आली, ती बिघडू लागली, आणि दुरुस्त करता करता इथल्या मिस्त्र्यांनी ती बनवायला घेतली. शिवाजी उद्यमनगरातल्या छोट्या छोट्या शेडमधून एकाने ओतायचं, दुसऱ्याने लेथवर कातायचं, तिसऱ्याने जोडायचं, असा धंदा वाढत गेला. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि अलीकडे कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत. आज कोल्हापूर परिसरात तीनशेच्या घरात फौंड्र्या आहेत. तुमच्या घरासमोर उभी असलेली मोटार, गावाकडचा ट्रॅक्टर, विहिरीवरचा पंप, यांतल्या कशात तरी कोल्हापूरच्या वाळूत घडलेला तुकडा असण्याची शक्यता बरीच मोठी आहे.

फौंड्रीत पहिल्यांदा जाणाऱ्याला भट्टी दिसते, पण जाणता माणूस आधी वाळू हातात घेतो. वाळू, बेंटोनाइट, कोळशाची भुकटी आणि पाणी यांचं कालवण मुठीत दाबून पाहिलं की अनुभवी मोल्डरला ओलावा कमी आहे की जास्त ते कळतं. ओलावा चुकला तर वाफ साच्यातच कोंडते आणि ओतलेल्या तुकड्याच्या पोटात पोकळी राहते. पॅटर्नवर वाळू दाबून दोन पेट्या तयार होतात. आतल्या पोकळ्यांसाठी वेगळे केलेले कोअर अलगद बसवले जातात आणि पेट्या मिटतात. तिकडे इंडक्शन भट्टीत भंगार, पिग आयर्न आणि आदल्या दिवशीच्या ओतकामातून उरलेले रनर-रायझर पडतात. साधारण चौदाशे अंशांच्या आसपास रस तयार होतो. एक टन लोखंड वितळवायला सहाशे युनिटांच्या आगेमागे वीज जाते. नमुना तपासला की रस लॅडलमध्ये उतरतो आणि साच्यांची रांग भरत जाते. एसजी आयर्न, म्हणजे जास्त चिवट लोखंड, करायचं असेल तर रसात मॅग्नेशियम मिसळावं लागतं, आणि मग हातात मोजकी मिनिटं उरतात. उशीर झाला तर मॅग्नेशियमचा गुण उतरतो आणि सगळी हीट, म्हणजे भट्टीतला तो सगळा घाणा, वाया जाते. ओतणाऱ्या माणसाचं सगळं लक्ष तेव्हा लॅडलच्या तोंडाकडे असतं. वेळेवर पोचवणं म्हणजे काय, हे या माणसांना कुठल्या व्यवस्थापनाच्या वर्गात शिकावं लागलेलं नाही.

आता यातली मेख. एक पॅटर्न यंत्रावर चढवला की त्याचे चाळीस नग काढून उतरवणं परवडत नाही. पॅटर्न बदलायला वेळ जातो, कोअर आधीपासून करून ठेवावे लागतात, भट्टी एकदा तापली की रिकामी ठेवता येत नाही. म्हणून फौंड्री लॉटने चालते. एका दमात काहीशे नग निघतात. समोर चाकणच्या जोडणी कारखान्यात मात्र माल दर काही तासांनी, लागेल तेवढाच हवा असतो. काहीशेंचा ढीग आणि चाळिसांची मागणी, यांच्यामध्ये साठा येणारच. निसर्गनियमासारखी गोष्ट आहे ही. कुणी कितीही सुंदर सॉफ्टवेअर आणलं तरी ती बदलत नाही.

हा साठा पूर्वी मोठ्या कारखान्याच्या भांडारात असायचा. आज तो तिथे नाही. पुरवठादाराने चाकण, भोसरी, तळेगावच्या बाजूला भाड्याचं गोदाम घ्यायचं किंवा माल साठवून देणाऱ्या कंपनीला पैसे द्यायचे, आठ-पंधरा दिवसांचा माल तिथे भरून ठेवायचा आणि कारखान्याच्या जोडणी लाइनने मागितला की गाडी पाठवायची. माल लाइनवर जाईपर्यंत तो पुरवठादाराचा. भाडं त्याचं, विमा त्याचा, गंज चढला तर तोही त्याचाच. लाइन थांबली तर नुकसानीची डेबिट नोट पुरवठादाराच्या नावावर पडण्याची पद्धत या धंद्यात रूढ आहे, आणि हिशेब मिनिटांवर होतो. त्या भीतीपोटी लहान माणूस गरजेपेक्षा जास्तच माल भरून ठेवतो. मोठ्या कंपनीच्या ताळेबंदात साठ्याचा आकडा दरवर्षी देखणा दिसतो, भागधारकांना तो कौतुकाने सांगितला जातो. लोखंड तेवढंच आहे. ते दुसऱ्याच्या अंगणात जाऊन बसलंय.

०००

या पद्धतीला आपल्याकडे जपानचा दाखला दिला जातो. टोयोटाचे ताइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तंगीत ही रीत घडवली. अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाईक नेतं तेवढंच फळीवर पुन्हा भरलं जातं, ही साधी कल्पना त्यांनी कारखान्यात आणली. पुढच्याने उचललं की मागच्याने बनवायचं, आणि निरोप पोचवायचा तो कार्डावरून, म्हणजे कानबानवरून. त्यामागे एक अट होती, आणि आपण ती विसरलो: मागणी रोज जवळपास सारखी ठेवायची. आज दोनशे, उद्या ऐंशी, परवा पाचशे असं केलं तर मागच्याला साठा करावाच लागतो. ओनोंच्या रीतीत वेळापत्रक सपाट करणं ही मोठ्या कारखान्याची जबाबदारी होती.

आपल्याकडे शेड्यूल पोर्टलवर येतं. महिन्याच्या सुरुवातीला एक आकडा, दहा तारखेला दुसरा, वीस तारखेला तिसरा. 'शेड्यूल हललं' हा शब्दप्रयोग शिरोलीत पाऊस पडला इतक्या सहज वापरला जातो. हललेलं शेड्यूल म्हणजे काय? ओतून, घासून साफ करून, रंग देऊन तयार झालेला माल अंगणात थांबला. त्यातला पैसा थांबला. मोठ्या कारखान्याने कानबान घेतलं, सपाट वेळापत्रकाची शिस्त घेतली नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

टोयोटाचीच एक गोष्ट इथे सांगायला हवी. १ फेब्रुवारी १९९७ च्या पहाटे जपानमधल्या कारिया इथल्या आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. तिथे ब्रेकच्या यंत्रणेतला एक छोटा झडपेसारखा भाग बनत असे, आणि टोयोटाला लागणारे जवळपास सगळे नग तिथूनच जात. टोयोटाकडे साठा होता काही तासांचा. एकामागून एक कारखाने बंद पडले. मग जे घडलं ते कुठल्याही करारात लिहिलेलं नव्हतं. आयसिनने आपली रेखाचित्रं ज्यांना हवी त्यांना देऊन टाकली. दोनशेच्या आसपास कंपन्या कामाला लागल्या. ज्यांनी असा भाग कधी बनवला नव्हता त्याही, शिवणयंत्रं बनवणारी ब्रदर कंपनीसुद्धा. भाव काय, पैसे कधी, हे आधी कुणी विचारलं नाही. आठवडा-दीड आठवड्यात उत्पादन मूळपदावर आलं. पैशाचं नंतर ठरलं आणि मदत करणाऱ्यांचा खर्च भरून निघाला.

त्या दोनशे कंपन्यांनी आधी किंमत का विचारली नाही? वर्षानुवर्षांच्या व्यवहारात आपल्याला कुणी बुडवणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तो विश्वास हाच टोयोटाचा खरा साठा होता. उद्या अशी वेळ आपल्याकडे आली तर गोकुळ शिरगावचा फौंड्रीवाला भाव न विचारता भट्टी पेटवेल का? जो आजच तीन महिन्यांच्या थकलेल्या बिलासाठी फोन लावतो आहे, त्याला हा प्रश्न कोणत्या तोंडाने विचारायचा?

मार्च २०११ च्या भूकंपाने टोयोटाला दुसरा धडा दिला. आपल्या पुरवठादारांचे पुरवठादार वेगवेगळे आहेत असा त्यांचा समज होता. खणत गेल्यावर कळलं की खाली अनेक वाटा एकाच कारखान्यापाशी येऊन मिळतात. त्यानंतर त्यांनी साखळीचा नकाशा शेवटच्या कडीपर्यंत काढला, आणि काही महिने पुरतील इतक्या चिपचा साठा पुरवठादारांकडे ठेवायची व्यवस्था केली. ज्या कंपनीने जगाला साठा कमी करायला शिकवलं, तिनेच कुठे साठा वाढवायचा हे ठरवलं. २०२१ मध्ये चिपचा दुष्काळ पडला तेव्हा सुरुवातीचे महिने टोयोटा इतरांपेक्षा बरी तगली. शेवटी सप्टेंबरात तिलाही उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी कापावं लागलं. साठा हा कायमचा उपाय नाही, पण उसंत देतो.

आपल्याकडे त्याच सप्टेंबरात मारुतीचं उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांवर आलं, महिंद्राने काही दिवस कारखाने बंद ठेवले. चिप तैवानची, तुटवडा जगाचा, आणि शेड्यूल हललं ते इकडे. ब्रेक ड्रममध्ये चिप नसते. पण चिपशिवाय गाडी निघत नाही, गाडी निघाली नाही तर ड्रम लागत नाही, आणि ओतून झालेला ड्रम परत वितळवला तर वीज आणि मजुरी दोन्ही गेली.

०००

पैशाचा हिशेब मांडतो. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, कुठल्या एका फौंड्रीचे नाहीत.

समजा, महिन्याला एक कोटीची विक्री आहे. पंधरा दिवसांचा तयार माल स्वतःच्या अंगणात, पंधरा दिवसांचा चाकणच्या गोदामात. झाला एक कोटी. बिल लागल्यावर पैसे यायला नव्वद दिवस. ते तीन कोटी. म्हणजे कुठल्याही दिवशी चार कोटी रुपये बाहेर अडकलेले. बँकेचं व्याज दहा टक्के धरलं तर वर्षाला चाळीस लाख. बारा कोटींच्या उलाढालीवर शेकडा सव्वातीन रुपये नुसते वाट पाहण्यात गेले. वर पुष्कळ करारांमध्ये दरवर्षी किंमत काही टक्क्यांनी उतरवायची अट असते. दुसऱ्या बाजूला भंगारवाला आठवड्यात पैसे मागतो, वीज कंपनी दिलेल्या तारखेला मागते, आणि मजुराचा पगार थांबवता येत नाही. लहान कारखानदार मोठ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देतो आणि त्यासाठी स्वतः व्याजाने कर्ज काढतो. यापेक्षा सभ्य शब्दांत मला हे सांगता येत नाही.

कायदा यावर गप्प आहे असं नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचं बंधन घातलं आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे दाद मागता येते, आणि परिषदेच्या निवाड्याविरुद्ध खरेदीदाराला न्यायालयात जायचं असेल तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकर कायद्यातही सुधारणा झाली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच. या सुधारणेने थोडी हालचाल झाली, हे कबूल करायला हवं. लेखापालांच्या टेबलावर पहिल्यांदाच लघुउद्योगांच्या बिलांची वेगळी फाइल आली.

पण दोन भोकं राहिली. पहिलं माणसाच्या मनातलं. तक्रार करायची कुणाविरुद्ध? ज्याच्याकडून उद्याचं शेड्यूल यायचं आहे त्याच्याविरुद्ध. तिप्पट व्याजाचा हक्क कागदावर आहे, पण तो मागणारा पुढच्या वर्षी पुरवठादार राहत नाही, ही धास्ती शिरोलीपासून भोसरीपर्यंत सगळ्यांना आहे. दुसरं भोक जास्त बारीक आहे. ४५ दिवसांचं घड्याळ माल स्वीकारल्याच्या दिवशी सुरू होतं. चाकणच्या भाड्याच्या गोदामात माल पडून आहे, तोवर तो स्वीकारलेलाच नाही. साठा खाली सरकवला की घड्याळही पुढे सरकतं. साठ्याचा प्रश्न आणि उधारीचा प्रश्न हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं मी समजत होतो. या वाटेवर फिरल्यावर कळलं की तो एकच आहे.

बिलावर बोली लावून बँकेकडून लगेच पैसे मिळवून देणारी ट्रेड्स नावाची व्यवस्था रिझर्व्ह बँकेने आखून दिली आहे. अडीचशे कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना ३१ मार्च २०२५ पर्यंत तिथे नोंदणी करणं सक्तीचं झालं. व्यवस्था चांगली आहे. व्याजाचा दर खरेदीदाराची पत पाहून ठरतो, तारण लागत नाही. मात्र खरेदीदाराने बिल मान्य केल्याशिवाय तिथे पान हलत नाही. नोंदणी सक्तीची आहे, बिल मान्य करणं त्याच्या मर्जीवर.

०००

जगात काही खुट्ट झालं तरी शिरोलीत दार वाजतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला. रशिया आणि युक्रेन हे पिग आयर्नचे मोठे निर्यातदार. जगभर भाव भडकले, आपल्याकडचा माल बाहेर जाऊ लागला आणि फौंड्र्यांचे धाबे दणाणले. केंद्र सरकारने २२ मे २०२२ पासून पिग आयर्नच्या निर्यातीवर १५ टक्के कर लावला आणि नोव्हेंबरात काढून घेतला. कच्चा माल महागला की वाहन कंपन्या दर वाढवून देतात, पण बहुधा तिमाही उलटल्यावर. मधल्या तीन महिन्यांचा भार पुन्हा फौंड्रीच्याच अंगावर.

नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. न्हावाशेवाहून युरोपला जाणारे कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले, दहा-पंधरा दिवस जास्त. पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग निर्यात करणाऱ्यांचे पैसेही तेवढेच दिवस उशिरा. २७ ऑगस्ट २०२५ पासून बऱ्याचशा भारतीय मालावरचा अमेरिकेचा आयातकर ५० टक्क्यांवर गेला. तिकडच्या गिऱ्हाइकाची पहिली मागणी होती ती सवलतीची.

त्याच वर्षी ४ एप्रिलला चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. विजेच्या स्कूटरच्या मोटरमध्ये हे चुंबक मूठभरच लागतं. जुलैमध्ये बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी उघडपणे सांगितलं की ऑगस्टमध्ये चेतक या विजेच्या स्कूटरचं उत्पादन शून्यावर येऊ शकतं. नंतर पुरवठा थोडा सुरू झाला. पण मोठी कंपनी एका पुरवठादारापुढे हतबल होते म्हणजे काय, याचा अनुभव पिंपरी-चाकणने घेतला. लहान पुरवठादार रोज ज्या जागी उभा असतो, ती जागा त्या पावसाळ्यात मोठ्यांनीही पाहिली. त्यातून त्यांनी काही घ्यावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

विजेच्या गाड्यांचा फौंड्रीवर होणारा परिणाम वेगळा आहे आणि खोल आहे. इंजिनाचा ठोकळा, सिलिंडर हेड, फ्लायव्हील यांची विजेच्या गाडीत गरज नाही. ब्रेक, सस्पेन्शन, हबचे भाग राहतील. हलकेपणासाठी अॅल्युमिनियम वाढेल. ट्रॅक्टर, ट्रक आणि पंप अजून बरीच वर्षं लोखंडावर चालतील, म्हणून उद्याच आकाश कोसळणार नाही. पण नव्या भागांकडे वळायला पैसा लागतो. केंद्राच्या वाहन उद्योगासाठीच्या उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजनेत २५,९३८ कोटींची तरतूद आहे, मात्र आधीपासून धंद्यात असलेल्या सुट्या भागांच्या उत्पादकाला त्यात पात्र ठरायला उद्योगसमूहाची उलाढाल किमान ५०० कोटी असावी लागते. लघुउद्योगाची कायद्यातली व्याख्याच १०० कोटींपर्यंतच्या उलाढालीची. ज्याला बदलाची सर्वाधिक झळ बसणार, तो दाराबाहेर.

आणि वीज. रात्रीची वीज स्वस्त, म्हणून कित्येक फौंड्र्यांनी वितळवण्याचं काम रात्रपाळीला लावलं होतं. कामगारांची झोप, घरं, सगळं त्या सवलतीभोवती बेतलं गेलं होतं. २०२५ च्या वीजदर आदेशात सवलत दिवसा, सूर्य तळपत असतानाच्या तासांकडे सरकली. सौर वीज वाढते आहे, त्यामुळे आदेशामागचं कारण समजण्याजोगं आहे. तरी पाळ्या, कोअरची तयारी, ट्रक सुटण्याची वेळ हे सारं नव्याने बसवताना जो खर्च येतो, तो कुठल्याच करारात किंमत वाढवून मिळत नाही.

०००

फौंड्रीवाल्यांची बाजू घेऊन लिहितो आहे, म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवायचं टाळणार नाही. वापरून झालेली काळी वाळू वर्षानुवर्षं रस्त्याकडेला, ओढ्याच्या काठाला टाकली गेली. ती पुन्हा वापरण्याजोगी करणारा सामायिक प्रकल्प शिरोलीत सरकारी साहाय्याने आणि उद्योजकांच्या एकीने उभा राहिला, हे भूषणावह आहे. पण तो उभा राहीपर्यंत किती वाळू गेली! धूळ आणि उष्णतेत काम करायला इथली पोरं तयार नाहीत म्हणून तक्रार होते आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून माणसं आणली जातात. २०२० च्या टाळेबंदीत ती गावाकडे परतली तेव्हा भट्ट्या सुरू करायला हात नव्हते. त्या माणसांची राहायची सोय, त्यांचे मास्क, त्यांचा भविष्यनिर्वाह निधी याकडे पाहिलं तर खालच्या कडीनेही आपला भार आणखी खाली ढकललेला दिसतो. साखळीला हीच सवय वरून खालपर्यंत लागली आहे.

तरी चांगलं चाललेलं काही आहे. काही फौंड्र्या प्रत्येक साच्यावर हीटचा क्रमांक उमटवतात, त्यामुळे दोष निघाला तर सगळा लॉट परत न येता नेमके नग शोधता येतात. नुसतं कास्टिंग न देता मशीनिंग करून माल देण्याकडे कल वाढला आहे. त्यात चार पैसे जास्त सुटतात. रस साच्यात कसा भरेल, पोकळी कुठे राहील, हे आधी संगणकावर पाहून पॅटर्न करणारे तरुण अभियंते आता वडिलांच्या शेडमध्ये परतताना दिसतात. आपल्या मिस्त्री आजोबांच्या मुठीतली वाळूची परीक्षा आणि पडद्यावरची आकृती ही मुलं एकाच वेळी वापरतात. त्यांना भांडवल मिळालं तर ती कुणाच्या मागे राहणार नाहीत.

ते भांडवल कुठून यायचं? नव्या योजनेतून, अनुदानातून येईल तेव्हा येईल. त्यांचंच भांडवल आज चाकणच्या गोदामांत आणि न भरलेल्या बिलांत पडलं आहे. वरच्या हिशेबातले चार कोटी दोन कोटींवर आले, तर दरवर्षी वीस लाख रुपये त्या फौंड्रीच्या हातात राहतात. त्यातून वाळूची यंत्रणा सुधारते, धूर-धूळ खेचणारे पंखे बसतात, कामगारांसाठी खोल्या होतात.

करण्याजोग्या गोष्टी अवघड नाहीत. शेड्यूलचे पहिले दोन आठवडे गोठवावेत. त्यानंतर मागणी बदलली तर तयार मालाचे पैसे द्यावेत. कंपनीच्या सांगण्यावरून तिच्या दाराशी माल ठेवला असेल तर तो गोदामात पोचल्याच्या दिवसापासून ४५ दिवस मोजावेत. कायद्यात तशी दुरुस्ती व्हायला हवी आणि ती मागायला शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पिंपरी-चिंचवडच्या उद्योजक संघटनांनी एकत्र जायला हवं. ट्रेड्सवर बिल मान्य करायला मुदत हवी. आणि शिरोली फाट्याजवळचा महामार्ग पुराच्या पातळीच्या वर उचलणं हे कारखान्यांइतकंच माणसांसाठीही तातडीचं आहे.

हा अंक वाचणाऱ्यांपैकी पुष्कळ जण पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या मोठ्या कंपन्यांत आहात. कुणी खरेदी विभागात, कुणी लेखा विभागात, कुणी उत्पादन नियोजनात. तुमच्यासमोरच्या पडद्यावर पुरवठादाराचा एक सांकेतिक क्रमांक असतो. दिवाळीनंतर कामावर गेलात की त्या यादीतून ४५ दिवस उलटून गेलेली बिलं काढा आणि ती कशासाठी थांबली आहेत ते एकदा विचारा. नियम तुमच्या बाजूने आहे, तुमच्या वरिष्ठांना तो दाखवता येईल. एक बिल सुटलं तरी शिरोलीतल्या एका शेडमध्ये या महिन्याचा पगार वेळेवर होईल.